टिकली काढून जा: सुया आणि करंट घेण्याआधी

नैराश्याच्या गोळ्या सुरू होऊन सात महिने झाले होते. रडू थांबलं, पण पहाटे चारला जाग यायचीच, आणि ओट्याशी उभी राहिले की हात उचलत नसे. म्हणून मी करंटवाल्या सुया, म्हणजे इलेक्ट्रोॲक्युपंक्चर, घेऊन पाहिलं. आता ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं.

आधी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना सांगा. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. पेसमेकर, फिट, रक्त पातळ करणारी गोळी किंवा दिवस गेले असतील तर तेही सांगायचं. जीव नकोसा वाटत असेल तर सुयांची वाट बघू नका; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फिरवा, मराठीत बोलता येतं.

सुया टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्रात यासाठी २०१५ चा कायदा आहे, लाजायचं काय त्यात? सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा. उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते.

एक सुई टाळूवर, दोन्ही कानांच्या टोकांवरून निघालेल्या रेषा डोक्यावर मिळतात तिथे. दुसरी भुवयांच्या मधोमध, टिकलीच्या जागी. चिनी नावं बायहुई आणि यिनतांग. दोन्हींना वायरचे चिमटे लावतात आणि मशीन सुरू होतं. इथे माझा एक धडा: बटण आधी शून्यावर आहे ना, हे विचारा. एकदा आधीच्या पेशंटचं सेटिंग तसंच राहिलं होतं. कपाळात असा झटका बसला की मी ओरडलेच. नीट लावलं तर भुवईपाशी नुसती टकटक जाणवते, दुखत नाही.

मेंदूत काय होतं? बीजिंगच्या हान जिशेंग यांनी वेदनेवर काम करताना दाखवलं, की सेकंदाला २ ठोके दिले तर एन्केफॅलिन सुटतं, १०० दिले तर डायनॉर्फिन. ही शरीराची स्वतःची अफू. नैराश्याचे प्रयोग बहुतेक उंदरांवरचे. आठवडेच्या आठवडे ताणात ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणी आणि भावनांशी जोडलेल्या भागात, बीडीएनएफ घटतं. चेतापेशींना खतपाणी घालणारं हे प्रथिन सुयांनंतर पुन्हा वाढलेलं आढळलं. माणसांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१८ चा आढावा मात्र सावध आहे: फायदा दिसतो, पण पुरावे कच्चे. 'शंभर टक्के गुण' म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

दर रविवारी पीएचक्यू-९ चे, म्हणजे नैराश्य मोजायच्या प्रश्नावलीचे, नऊ प्रश्न सोडवून आकडा कॅलेंडरवर लिहा; आकडा जितका कमी तितकं बरं. माझा बारा बैठकांत १७ वरून ११ वर आला. गोळी तीच होती, पण त्याच महिन्यात मी सकाळी फिरायलाही लागले होते, तेव्हा सगळं श्रेय सुयांना देत नाही.

आणि उठण्याआधी सुया मोजून घ्या. माझी एक केसांतच राहिली होती. रिक्षात बसल्यावर हाताला लागली.