पीपीई किट काढताना आणि चहा पिताना होणाऱ्या या चुका टाळा

२०२० च्या उन्हाळ्यात आमच्या कोविड वॉर्डातल्या तीन सिस्टर एकाच आठवड्यात पॉझिटिव्ह आल्या. तिघींनीही ड्युटीभर किट व्यवस्थित घातलं होतं. शोधता शोधता आम्ही चहाच्या खोलीपाशी येऊन थांबलो. खोली छोटी, खिडकी बंद. सहा तास घामात भिजलेल्या मुली मास्क काढून, गुडघ्याला गुडघा लावून एकाच डब्यातली पोळी-भाजी खायच्या. पेशंटजवळ आपण सावध असतो, आपल्या माणसांत बसलो की विसरतो. म्हणून जेवणाच्या पाळ्या लावा. एका वेळी दोघीच, अंतर ठेवून, खिडकी सताड उघडी.

दुसरी मोठी चूक किट काढताना होते. जीव इतका गुदमरलेला असतो की हात आधी मास्ककडेच जातो. मास्क सगळ्यात शेवटी, तोही वॉर्डाबाहेर आल्यावर. आधी ग्लोव्हज: पहिला मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा करत काढा, दुसऱ्याच्या आत उघडं बोट सरकवून तोही तसाच उलटा करा. मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा अंगापासून लांब गुंडाळत उतरवा. गॉगल मागच्या पट्ट्याला धरून. शेवटी मास्कचा खालचा पट्टा, मग वरचा. पुढच्या भागाला बोटही लावू नका. प्रत्येक टप्प्यानंतर हातांना सॅनिटायझर. थकलेल्या डोक्याला हा क्रम आठवत नाही, तेव्हा समोर कुणीतरी उभं हवं. आमच्या मावशी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "थांब गं बाई, हात आधी!" त्या एका वाक्याने आम्हाला किती वेळा सावरलं असेल!

गॉगलवर सारखी वाफ धरते? बहुतेक वेळा मास्क नाकापाशी सुटलेला असतो. पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी नाकावर दाबा, जोरात श्वास सोडा, कडेने हवा लागतेय का बघा. दाढीवर एन-९५ मास्क नीट बसतच नाही. व्हॉल्व्हचा मास्क तर वॉर्डात नकोच: आपला सोडलेला श्वास न गाळता थेट पेशंटच्या तोंडावर जातो. जुलै २०२० मध्ये केंद्राने राज्यांना याबद्दल पत्रही पाठवलं होतं.

तेच ग्लोव्हज घालून या खाटेवरून त्या खाटेवर जाऊ नका. आपले हात झाकलेले राहतात, पण एकाचे जंतू दुसऱ्याकडे आपणच पोचवतो.

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. समोरासमोरच्या खिडक्या उघडा, एक्झॉस्ट चालू ठेवा.

माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका. आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच तसं बजावलं होतं, तरी कितीतरी ठिकाणी फवारे चालूच होते. हायपोक्लोराइट हे जंतुनाशक फरशीसाठी आहे. त्यात संडास धुण्याचं अ‍ॅसिड मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, हे सफाईच्या मुलांना समोर बसवून सांगा.

आणि ताप असताना ड्युटीवर येणं. हा दोष त्या मुलीच्या माथी मारू नका. कंत्राटी सिस्टरला पगार कापला जाण्याची भीती असते, म्हणून ती पॅरासिटामॉल घेऊन हजर होते. आजारपणाच्या रजेचा पगार कापणार नाही, हे व्यवस्थापनाने पहिल्याच दिवशी सांगावं, आणि लेखी द्यावं.