ऊसतोडीच्या अड्ड्यावर, म्हणजे तोडणी मजुरांच्या तात्पुरत्या वस्तीवर, मुलांचा वर्ग सुरू करायचाय?

दसरा झाला की बीड, पाथर्डी, शिरूर कासारकडून ऊसतोड मजूर ट्रक-ट्रॅक्टर भरून साखर कारखान्यांकडे निघतात. म्हणून तयारीला पोळ्यापासूनच लागा. आधी यादी करा: कोणाची मुलं जाणार, कोणाची मागे राहू शकतात. शाळेच्या हजेरीपटापेक्षा मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीतून ही माहिती लवकर मिळते, कारण उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोणी घेतली ते तिथे लिहिलेलं असतं. घरी आजी-आजोबा असतील तर मूल गावातच ठेवायचा आग्रह धरा आणि मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का, हे मुख्याध्यापकांना विचारा. मूल गावात राहिलं तर पुढची निम्मी धावपळ वाचते.

जी जाणारच आहेत, त्यांच्यासाठी गावच्या शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घ्या, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचा कागद. आधार आणि लसीकरणाचं कार्ड फोटो काढून फोनमध्ये ठेवा, कारण मूळ कागद कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, भिजतात. कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत आधीच भेटून या. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून कोणी परत पाठवलं तर शांतपणे सांगा: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, आणि मूल वयानुरूप वर्गातच बसवायचं असतं. शाळा पायी जाण्याच्या अंतरावर असेल तर तिथेच घाला. अड्ड्यावरचा वर्ग शाळेला पर्याय समजू नका.

आता पाळणा. हो, पाटी-पेन्सिलीच्या आधी पाळणा. तोडीला नवरा-बायको जोडीनं लागतात, त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. पहाटे अंधारात दोघं उसाच्या फडात जातात आणि धाकटं मूल थोरलीच्या कडेवर येतं. आमच्या पहिल्या हंगामात दहा वर्षांची एक पोर रोज वर्गाच्या दारात उभी राहायची, कडेवरचं बाळ हलवत, फळ्यावरची गणितं तोंडातल्या तोंडात सोडवत. आत ये म्हटलं की म्हणायची, "हा रडतोय ना." जुन्या लुगड्याच्या दोन झोळ्या बांधल्या, अड्ड्यावरच्याच एका म्हातारीला मानधन देऊन बसवलं, तेव्हा ती आत आली. म्हणून पैसे हातात आले की आधी त्या बाईचे बाजूला काढा. जवळच्या अंगणवाडीतही लहानग्यांची नावं घाला.

वेळ मुलांना विचारून ठरवा. पाणी भरणं, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करणं आटोपल्यावरच ती मोकळी होतात. संध्याकाळी वर्ग असेल तर चार्जिंगचे दिवे हवेतच. मलमपट्टीचा डबा ठेवा, कारण उसाच्या वाळल्या पाचटानं हातपाय सतत कापतात. साप चावल्यास कुठे न्यायचं आणि गाडी कोणाची, हे भिंतीवर लिहून ठेवा. शेजारी १०९८ हा मुलांच्या मदतीचा चाइल्ड हेल्पलाइन नंबरही लिहा. लमाणी बोलणारी मुलं असतील तर ती भाषा येणारं कोणीतरी सोबत घ्या. दप्तरं वाटून फोटो काढू इच्छिणाऱ्यांना चटया, दिवे नाहीतर म्हातारीचं मानधन सुचवा. दप्तरं दर वर्षी जास्तच येतात.

परतीची तारीख कोणी सांगत नाही. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं, की एका रात्रीत कोप्या मोडतात. म्हणून हजेरी आणि प्रगतीची नोंद महिन्याच्या महिन्याला गावच्या गुरुजींना पाठवत जा. शेवटी एकदम द्यायची म्हणून ठेवलेली आमची पहिल्या वर्षीची पत्रकं अजून कपाटातच आहेत.