गंजीवर ताडपत्री टाकली, पण गंजीखाली काय?

मार्च निम्मा सरला की मराठवाडा, मध्य महाराष्ट्र आणि विदर्भाच्या अंदाजात ‘मेघगर्जनेसह पाऊस, तुरळक ठिकाणी गारपीट’ ही ओळ येऊ लागते. समुद्राकडून आलेलं बाष्प, तापलेली जमीन आणि द्रोणीय रेषा (कमी दाबाचा लांबट पट्टा) एकत्र आली की दुपारनंतर ढग चढतात. पाऊस तासभराचाच, पण कोरड्या ओढ्याला पाणी यायला तेवढा पुरतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना जास्त सांगायला नको.

गार अडवता येत नाही. पण काढलेला माल भिजतो तो बहुतेक खालून. मळणी यंत्र आत यायला सोपं म्हणून हरभऱ्याची गंजी, म्हणजे काढलेल्या पिकाचा रचलेला ढीग, रस्त्याकडच्या सखल कोपऱ्यात लागते. वर नवी ताडपत्री, कडेने दगड. आणि सगळ्या रानाचं पाणी त्याच कोपऱ्यात उतरतं. चार दिवसांनी उपसावं तर वरचा थर खडखडीत, तळाच्या घाट्यांना (हरभऱ्याच्या शेंगांना) कोंभ आणि हाताला गरम वाफ.

गंजी उंचवट्यावरच लावा. खाली पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) वीतभर थर द्या. उताराच्या वरच्या अंगाला फूटभर खोल चर काढा आणि त्याचं तोंड ओढ्याकडे सोडा, शेजाऱ्याच्या खळ्यात नको. बांधाची बुजलेली मोरी आजच मोकळी करा. कुदळ लागते, पैसा लागत नाही; म्हणूनच बहुधा हे कुणी करत नाही.

कांद्याचंही तेच. एरवी उन्हाळ कांदा पातीसह 3-4 दिवस शेतात सुकवतात. हवामान खात्याचा नारंगी इशारा असेल तर संध्याकाळपर्यंत उचलता येईल तेवढाच उपटा. पाऊस थांबताच ताडपत्री काढा, नाहीतर आत घाम धरतो.

इशारा नसला तरी सकाळपासून अंगाला चिकचिक असेल आणि दुपारी वारा एकदम पडला, तर मी खळ्यावर माल उघडा ठेवत नाही.

बाकीची कामं:
- तयार भाजीपाला, फळं तोडून घ्या
- केळी, नवी कलमं: आधार
- पाणी, खत, फवारणी: थांबवा
- ओढ्याकाठची मोटार वर घ्या
- जनावरं झाडाखाली बांधू नका. मोबाइलवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप ठेवा

गार पडलीच तर दुसऱ्या दिवशी दुकानात टॉनिक आणि संजीवकांच्या (वाढीच्या औषधांच्या) बाटल्या पुढे येतील. फाटलेलं पान त्याने सांधत नाही. फळबागेत मोडक्या फांद्या छाटा आणि 1 टक्का बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी) फवारा. तोडणीला आलेल्या फळांवर मात्र नको. भाजीपाल्याला वापसा येईपर्यंत, म्हणजे जास्तीचं पाणी निघून माती भुसभुशीत होईपर्यंत, काही देऊ नका, आधी साचलेलं पाणी काढा.

शेत साफ करण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा. शासकीय मदतीसाठी नुकसान 33 टक्के किंवा अधिक असावं लागतं. उचलून बांधावर फेकलेला माल पंचनाम्यात मोजला जाईल या भरवशावर राहू नका.