स्थळाची चौकशी आली तर काय सांगावे, किती सांगावे

सोयरीक जुळवण्यापूर्वी मुलाची किंवा मुलीची चौकशी शेजारीपाजारी करण्याची आपली रीत जुनी आहे, आणि गोव्यात, जिथे एकाच देवस्थानचे महाजन फिरून एकमेकांचे सोयरे निघतात, तिथे अशी विचारणा कधी ना कधी प्रत्येकाकडे येतेच. अशा वेळी काही जण "घर बरे आहे, बाकी आम्हांला ठाऊक नाही" म्हणून हात झटकतात, तर काही जण त्या घराच्या तीन पिढ्यांचा पाढा वाचतात. यहुदी धर्मशास्त्राला हे दोन्ही मान्य नाही. त्यांच्या धर्मग्रंथांपैकी लेवीय या ग्रंथाच्या १९व्या अध्यायातील १६वे वचन चहाड्या करीत फिरण्यास मनाई करते आणि त्याच दमात, शेजाऱ्याच्या जिवावर बेतले असता स्वस्थ उभे राहण्यासही.

आजच्या बेलारूसमधील रादिन गावचे रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, इस्राएल मेईर कागान (१८३८–१९३३) यांनी १८७३ मध्ये बोलण्याविषयीचे हे सगळे नियम एका ग्रंथात संगतवार मांडले. त्यांत ज्याला 'लाशोन हारा' म्हणतात ती निंदा खरी असली तरी निषिद्धच आहे. खोटी असेल तर तो आणखी मोठा अपराध. त्यामुळे "मी काय खोटे सांगतो आहे?" हा आपला आवडता बचाव तिथे उपयोगी पडत नाही. मात्र एखाद्याचे नुकसान टाळण्यासाठी सांगणे भागच असेल, तर पाच अटी पाळून सांगावे, असे कागान म्हणतात, आणि सोयरिकीचा प्रश्न याच प्रकारात मोडतो.

फोन आला की आधी विचारणाऱ्याचा हेतू स्पष्ट करून घ्यावा. खरे तर त्यानेच "स्थळ आले आहे, म्हणून विचारतो" असे आपणहून सांगायला हवे, कारण हेतू न सांगता माहिती काढणे म्हणजे समोरच्याला नकळत निंदेत ओढणे होय.

पहिली अट अशी की दिसलेली गोष्ट वाईटच आहे, असा निष्कर्ष घाईने काढू नये. दुसरी, तिळमात्र वाढवून सांगू नये. या दोन अटींचा कस प्रत्यक्ष शब्दांत लागतो. समजा, बोटीवर नोकरीला असलेल्या मुलाच्या पतसंस्थेतील कर्जाला आपण जामीन होतो आणि त्याचे हप्ते थकले. तेव्हा सांगावे ते एवढेच: "त्याच्या कर्जाला मी जामीन होतो, तीन हप्ते थकल्यावर मला नोटीस आली, पुढे सुट्टीवर आला तेव्हा त्याने सगळे फेडले." यातले शेवटचे वाक्य गाळणे ही लबाडी आहे, आणि "पैशाच्या बाबतीत त्याचा भरवसा नाही" हा निवाडा झाला, माहिती नव्हे. तो मांडवीतल्या कॅसिनोत जातो असे केवळ कानावर आले असेल, तर ती ऐकीव गोष्ट आहे, खात्री करून घ्या, असे बजावूनच तिचा उल्लेख करावा.

तिसरी अट हेतूची, आणि माझ्या मते सर्वांत अवघड तीच. त्या घराशी बागायतीच्या हद्दीवरून आपला वाद चालू असेल, तर आपले हित कुठे संपते आणि मुलीचे कुठे सुरू होते, हे आपले आपल्यालाही सांगता येणार नाही. अशा वेळी दुसऱ्या कोणा जाणत्या माणसाकडे बोट दाखवावे. चौथी अट, निंदा न करता काम होत असेल तर तोच मार्ग धरावा: "दोन्ही घरांनी कर्जाची कागदपत्रे एकमेकांना दाखवावीत" एवढ्या सल्ल्याने बरेचदा भागते. पाचवी, लग्न न जुळण्यापलीकडे त्या मुलाचे नुकसान होऊ नये. ऐकणारा ती गोष्ट गावभर करणार हे दिसत असेल, तर बोलू नये.

काही न बोलताही निंदा होते, हे बाराव्या शतकातील यहुदी धर्मशास्त्रकार मायमोनिदीस यांनी हेरले होते. "त्याच्याविषयी मला काही बोलायचे नाही, काय झाले ते मी सांगणार नाही" असे म्हणणे त्यांनी 'निंदेची धूळ', म्हणजे निंदेचाच सौम्य प्रकार, मानले. फोनवरची ती लांबलेली "हं..." आणि मग "आईवडील मात्र सज्जन आहेत" हे वाक्य त्याच जातीचे. जुने, सुटून गेलेले व्यसनही उकरू नये, कारण सुधारलेल्या माणसाला त्याच्या पूर्वीच्या वागण्याची आठवण करून देण्यास मिश्ना या यहुदी नियमांच्या प्राचीन संग्रहाची स्पष्ट मनाई आहे.

ऐकणाऱ्यावरही बंधन आहेच: ऐकलेले खरे मानू नये, फक्त सावध व्हावे आणि स्वतः तपास करावा. पुढे नकार कळवताना "तुमच्या शेजाऱ्यांनीच सांगितले" असे म्हणणे ही 'रेखिलूत', म्हणजे कळलावेपणा, आणि त्यातून दोन शेजारघरांत कायमचे वितुष्ट येते. आपल्याकडे अशा वेळी पत्रिका पुढे केली जाते. कागान यांचा नियम असा की खोटे न बोलता आणि कुणाचे नाव न घेता उत्तर देता येत असेल तर तसेच द्यावे, म्हणजे "आमच्या मनाने घेतले नाही" एवढे पुरे; समोरचा हट्टच धरून बसला तर कलह टाळण्यासाठी खोटे चालते, पण त्याने देवाची शपथ घ्यायला सांगितले तर खोटी शपथ घेता येत नाही.