गरोदरपणातील सर्दी आणि फ्लू: पहिल्या दोन दिवसांत काय करावे

मृगाचा पाऊस लागला की कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात जी झड बसते, ती गौरी-गणपतीपर्यंत फारशी उसंत देत नाही. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, चुलीतली ओली लाकडे धुमसत राहतात आणि घरातल्या एकाला झालेली सर्दी चार दिवसांत सगळ्यांना होते. त्याच घरात गरोदर सून असली की हमखास दोन चुका घडतात. एक तर ‘गोळी बाळाला बाधेल’ या भीतीने ताप अंगावर काढला जातो, नाहीतर मेडिकलमधून ‘सर्दीच्या गोळ्या’ म्हणून मिळालेली सुटी पुडी डोळे झाकून घेतली जाते. या दोन्ही चुका टाळायच्या तर ही साधी सर्दी आहे की फ्लू, हे पहिल्याच दिवशी ठरवायला हवे.

साधी सर्दी सावकाश येते. आधी घसा खवखवतो, मग नाक गळू लागते, शिंका येतात; ताप नसतो किंवा नुसती कणकण असते आणि आठ-दहा दिवसांत सगळे आपोआप ओसरते. फ्लू मात्र अचानक गाठतो. सकाळी भाकऱ्या थापणारी बाई दुपारी हुडहुडी भरून अंथरूण धरते, पाठ, पिंढऱ्या आणि डोळ्यांच्या खोबणी ठणकतात, कोरडा खोकला सुरू होतो आणि ताप ३८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या पुढे जातो. कपाळावर हात ठेवून तापाचा अंदाज बांधू नये. घरात थर्मामीटर असावा. नाक अजिबात न गळता नुसताच जोराचा ताप आणि अंगदुखी असेल, तर डेंगी किंवा मलेरिया असू शकतो, आणि रोपलावणीच्या चिखलात उतरणे झाले असल्यास लेप्टोचाही (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचाही) विचार करावा लागतो. अशा तापात रक्ततपासणीला उशीर करू नये. याउलट काही जणींचे नाक सर्दीशिवायच आठवडेच्या आठवडे चोंदलेले राहते. संप्रेरकांमुळे नाकातल्या नाजूक अस्तराला सूज येते, इतकेच त्याचे कारण असते आणि बाळंतपणानंतर ते नाहीसे होते.

फ्लूला एवढे महत्त्व देण्याचे कारण शरीराच्या बदलात आहे. गरोदरपणात प्रतिकारशक्तीची चाल बदलते, हृदयावरचा भार वाढतो, आणि वाढते गर्भाशय छातीचा पडदा वर ढकलत असल्याने, प्राणवायूची गरज वाढलेली असतानाच फुप्फुसांना पसरायला जागा कमी पडते. त्यामुळे इतरांना आठवड्यात सोडणारा फ्लू गरोदर बाईच्या बाबतीत न्यूमोनियापर्यंत जाण्याची शक्यता अधिक असते. २००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली, तेव्हा हे जगभर दिसून आले. म्हणूनच फ्लूची शंका येताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ओसेल्टामिव्हिर हे विषाणूविरोधी औषध गरोदरपणात देता येते. ते साधारणपणे ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस दिले जाते आणि लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. घशाच्या नमुन्याचा अहवाल येईपर्यंत थांबण्याची गरज नसते. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचे आहे, पण ‘फ्लू असू शकेल का, हे औषध लागेल का’ असे आपण होऊन विचारण्यात काहीच गैर नाही.

ताप मात्र उतरवलाच पाहिजे. विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत जोराचा ताप तसाच राहू देणे बाळाच्या वाढीच्या दृष्टीने चांगले नसते. यासाठी पॅरासिटामॉल हे गरोदरपणातले पहिले औषध आहे: ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचे अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार असल्यास आधी विचारावे.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सुनेने मला दुकानातून आणलेली पुडी उघडून दाखवली होती. आत कात्रीने कापलेले पट्टीचे तीन तुकडे होते आणि एकावर नावाची अर्धीच अक्षरे उरली होती. जी नावे वाचता आली, त्यांतल्या दोन गोळ्यांत पॅरासिटामॉलच होते; म्हणजे एका वेळी दुप्पट मात्रा पोटात गेली असती. त्यामुळे गरोदर बाईसाठी सुट्या गोळ्या घेऊच नयेत. अख्खी पट्टी मागावी आणि मागची बारीक अक्षरे वाचावीत. फेनिलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन हे नाव दिसले तर ती गोळी परत करावी, कारण चोंदलेले नाक उघडताना ही द्रव्ये रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब वाढवू शकतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही वेदनाशामके डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. २० आठवड्यांनंतर आयबुप्रोफेनसारख्या औषधांमुळे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, आणि ताप डेंगीचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांनीच रक्तदाबासाठी लहान मात्रेची ॲस्पिरिन सुरू केली असेल, तर ती मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. अँटिबायोटिक्सचा विषाणूंवर काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे मागच्या वेळच्या उरलेल्या कॅप्सूल डब्यातच राहू द्याव्यात.

घरगुती उपायांतले बरेचसे चांगले आहेत. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात, नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घालावेत, झोपताना उशाला दोन उशा घेऊन डाव्या कुशीवर निजावे. वाफ साध्या पाण्याची पुरते. उकळते पातेले मांडीवर किंवा अंथरुणात न घेता टेबलावर ठेवावे, कारण पोट पुढे आलेले असताना तोल जाऊन भाजण्याची भीती खरी असते. हळद-दूध, चहातले आले, मध-लिंबू हे स्वयंपाकातल्या प्रमाणात चालते. काढ्याबाबत मात्र सासूबाईंचा शब्द मोडावा लागला तरी मोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अडुळसा गर्भाशयाला चालना देणारा मानला जातो, म्हणून त्याचा रस आणि खोकल्याची अडुळसायुक्त औषधे टाळावीत. वेखंड आणि ज्येष्ठमधाचे रोजचे काढेही नकोत. जेवण जात नसेल तर जबरदस्ती करू नये; मीठ घातलेली तांदळाची पेज, मुगाचे कढण, पातळ सारू दर दोन तासांनी थोडे थोडे द्यावे आणि लघवीचा रंग फिकट राहील इतके पाणी पोटात जाऊ द्यावे. चुलीच्या धुरापासून तिला दूर ठेवावे. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळायला जाणाऱ्या बायकांनी खोकला असताना त्या खकाण्यात बसणे तर पूर्ण थांबवावे, आणि खरे म्हणजे गरोदरपणभर टाळावे.

पुढीलपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी वाट पाहू नये: धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू ९५ च्या खाली जाणे, गोळी देऊनही न उतरणारा ताप, उतरून पुन्हा वाढलेला ताप आणि खोकला, ग्लानी, सतत उलट्या, पोट आवळून येणे, पाणी किंवा रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे. तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तो फ्लू नसून वाढलेला रक्तदाब असू शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही चालतो, आणि सातव्या महिन्यात चंदगड-गडहिंग्लजकडच्या माहेरी जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. जाताना तायी कार्ड (कर्नाटकातले गरोदर मातेच्या नोंदींचे सरकारी कार्ड), सोनोग्राफीचे अहवाल आणि चालू औषधांच्या पट्ट्या एकाच पिशवीत असाव्यात. सरकारी दवाखान्यातील नर्सला मराठी येत नसेल तर कन्नडमध्ये ‘नेगडी’ म्हणजे सर्दी, ‘केम्मु’ म्हणजे खोकला, ‘ज्वर’ म्हणजे ताप, एवढे शब्द पुरतात. पण सर्वांत आधी ‘नानु गर्भिणी’, मी गरोदर आहे, हे सांगावे आणि ‘एष्टु तिंगळु’ असे विचारले की किती महिने झाले ते सांगावे.

फ्लूची निष्क्रिय विषाणूंची लस गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात घेता येते. विषाणू बदलत असल्याने ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. पावसाळ्यात फ्लू वाढत असल्याने ती शक्यतो त्याआधी घ्यावी. आईच्या शरीरात तयार झालेले प्रतिपिंड (विषाणूंशी लढणारी प्रथिने) बाळालाही मिळतात, आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला ही लस देता येत नसल्याने त्याला एवढाच आधार असतो. बाळंतपणानंतर आईला फ्लू झाला तरी दूध तोडू नये; फ्लू दुधातून जात नाही. हात साबणाने धुऊन, मास्क लावून अंगावर पाजावे, आणि बाळंतिणीच्या खोलीत खोकणाऱ्या पाहुण्याला, तो कितीही जवळचा असला तरी, उंबऱ्याबाहेरूनच बाळ दाखवावे.