प्रोसेसरचा वाढवलेला वेग दिसत नसेल, तर आधी भार देऊन पाहा
इंटेलच्या आय५-२५००के प्रोसेसरचा गुणक (१०० मेगाहर्ट्झच्या मूळ घड्याळाला, म्हणजे बेस क्लॉकला, ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ४३ ठेवूनही सीपीयू-झेड या वेग दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १६०० मेगाहर्ट्झच दिसत असतील, तर सेटिंग लागूच झाले नाही असा निष्कर्ष लगेच काढू नये. काम चालू नसताना वीज वाचावी म्हणून स्पीडस्टेप ही सोय गुणक १६ पर्यंत खाली आणते आणि ती बंद करण्याची गरज नसते. प्राइम९५ हा प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारा प्रोग्रॅम चालवून सर्व कोअरवर (प्रोसेसरमधील गणन करणाऱ्या भागांवर) भार द्यावा आणि मगच आकडा वाचावा. तरीही तो ३४०० च्या आसपास अडकला, तर मदरबोर्डचा चिपसेट (त्यावरील मुख्य नियंत्रक चिप) तपासावा: पी६७ किंवा झेड६८ वर गुणक वाढवता येतो, एच६१ त्यासाठी बनलेलाच नाही. वेग ४३०० पर्यंत चढून काही वेळाने घसरत असेल, तर बहुधा तापमान किंवा बायोसमधील टर्बोची (वेग आपोआप वाढवणाऱ्या सोयीची) वीजमर्यादा आड येते; तापमान नव्वदीपुढे गेल्यास कूलर नीट बसला आहे का आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधील उष्णता वाहून नेणारा लेप) सुकली आहे का, हे पाहावे. व्होल्टेज वाढवण्याची घाई मात्र मुळीच करू नये, कारण ते कमी पडल्याची खूण म्हणजे संगणक गोठणे किंवा निळी स्क्रीन येणे, वेग घसरणे नव्हे. बेस क्लॉक १०० वरच राहू द्यावा. या पिढीत साटा (डिस्कची जोडणी) आणि यूएसबीचे घड्याळही त्यालाच बांधलेले आहे, त्यामुळे तो बदलल्यास तेही बदलते.