मेंदूला मार, त्यानंतर सायकोसिस: विसरण्याला भ्रम समजू नका, आणि बाकीच्या चुका

डोक्याला जबर मार बसल्यानंतर काही जणांना पुढे नसलेले आवाज ऐकू येऊ लागतात, संशय डोक्यात घर करतो. यालाच सायकोसिस म्हणतात. हे लगेचच होतं असं नाही, मध्ये काही वर्षंही जातात. म्हणून जुना अपघात डॉक्टरांना सांगायचा राहून जातो. तो सांगा. बेशुद्धी किती वेळ होती, तेही सांगा.

मला सर्वांत खटकणारी चूक म्हणजे पेशंटच्या प्रत्येक चुकीच्या बोलण्यावर 'भ्रम' असा शिक्का मारणं. एक गृहस्थ बायकोवर आरोप करायचे, ही पाकिटातले पैसे काढते. घरात रोज वाद. गोळ्या वाढवल्या, ते दिवसभर पेंगू लागले आणि आरोप आणखी वाढले. नीट लक्ष ठेवल्यावर दिसलं, की पैसे तेच कपाटात कपड्यांखाली ठेवायचे आणि थोड्या वेळात विसरून जायचे. संशय आजाराचाच होता, पण त्याला रोज नवा पुरावा मिळत होता तो विसरण्यातून. मग पैशांची एकच जागा ठरवली आणि ठेवताना त्यांनीच वहीत लिहायचं, असं केलं. बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी त्यांना कट वाटायची, स्वतःचं अक्षर मात्र पटायचं. आवाज गेले नाहीत, पाकिटावरची भांडणं मात्र खूप कमी झाली. तेव्हापासून कुठलाही आरोप ऐकला की त्यामागे काय विसरलं गेलंय, हे मी आधी शोधते. वाद घालून संशय जात नाही.

दुसरी चूक, एमएमएसईवर, म्हणजे स्मरण-भान तपासणाऱ्या ३० गुणांच्या छोट्या चाचणीवर विसंबणं. '३० पैकी २८, म्हणजे मेंदू ठीक!' शांत खोलीत एकेक प्रश्न विचारला तर बरेच जण उत्तर देतात. ही चाचणी नियोजन, एका कामावरून दुसऱ्यावर वळणं, विचारांचा वेग यांना फारसा हातच लावत नाही, आणि मेंदूच्या फ्रंटल, म्हणजे कपाळामागच्या भागाला मार असेल तर नेमकं तेच बिघडतं. मी फॉर्म भरायला देते आणि मध्येच फोन वाजू देते. फोन झाल्यावर माणूस फॉर्मकडे परततो का, ते बघते. घाईच्या नवशिक्यांना पहिल्याच भेटीत आकडा हवा असतो. पेशंटला ऐकू येणारे ते आवाज जोरात असताना, झोप झालेली नसताना घेतलेल्या चाचणीवरून काहीही ठरवू नये.

मोबाइलवरच्या 'ब्रेन गेम्स'मुळे माणूस त्या खेळात तरबेज होतो, औषधाची वेळ त्याला तरीही आठवत नाही. त्यापेक्षा गजर लावा आणि कप्प्यांची डबी वापरा.

हातांच्या थरथरीसाठी दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी स्मरणशक्ती आणखी मंदावू शकते. लेव्हेटिरासेटाम ही फिटची गोळी सुरू झाल्यावर चिडचिड किंवा संशय वाढला, तर तारीख लिहून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. दोन्ही गोळ्या परस्पर बंद करू नका, फिटची गोळी तर अजिबात नाही.

आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत गोंधळ एकदम वाढला, गुंगी आली, डोकं दुखू लागलं, तर 'जुनाच आजार आहे' म्हणून थांबू नका. मेंदूभोवती रक्त साचलेलं असू शकतं, इन्फेक्शन असू शकतं. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.